लेन्स निघणारा वेबकॅम

टीचर वेबकॅम हातात घेतला की आधी त्याचं नाक पिरगाळून बघायच्या. पुढची लेन्स फिरते का, एवढंच त्यांना बघायचं असे. नाही फिरली की "हा नको" म्हणून खोका माझ्याकडे सरकवायच्या.

माझं कॉम्प्युटरचं दुकान आगाशीच्या बाजारात आहे. वेबकॅम घ्यायला येणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मेगापिक्सेल किती, चेहरा उजळ दिसेल का, असं विचारतात आणि विचारता विचारता केसांवरून हात फिरवून घेतात. टीचरना यातलं काहीच नको होतं. "मला लेन्स काढून टाकायची आहे," असं त्या म्हणाल्या तेव्हा मी त्यांना पुन्हा एकदा नीट पाहून घेतलं. वाडी-बागायत असलेल्या ख्रिस्ती घरातल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, फिकट साडी, गळ्यात बारीक क्रूस. आणि भाषा माझा माल मोडण्याची.

मी चिडलोच होतो. खोका एकदा उघडला की तो कंपनी परत घेत नाही, हे मी त्यांना ऐकवलं आणि वर दुकानातला सगळ्यात महागडा वेबकॅम पुढे केला. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि समोर वर्ग बसलाय अशा थाटात मला शिकवायला सुरुवात केली. वेबकॅम त्यांना घरच्या दुर्बिणीला जोडायचा होता. दुर्बिणीला स्वतःचं भिंग असतंच, तेव्हा वेबकॅमचं काढायचं आणि आतली उजेड टिपणारी सेन्सरची पाटी तेवढी वापरायची. हवा सारखी थरथरते, म्हणून भराभर चित्रं घेणारा हवा. आपोआप फोकस करणारा तर मुळीच नको, त्याची लेन्स हाताने फिरत नाही. राहिले मेगापिक्सेल.

"शनी दिसतो मोहरीएवढा," त्या म्हणाल्या. "त्याला एवढी मोठी पाटी कशाला?"

शेवटी सगळ्यात खालच्या फळीवरचा, कोणी न उचललेला एक स्वस्तातला वेबकॅम निघाला. धूळ मीच पुसली. टीचरनी नाक फिरवलं आणि लेन्स गोल गोल फिरत अलगद त्यांच्या हातात आली. त्या इतक्या खूश झाल्या की माझा राग कुठल्या कुठे गेला.

मग त्यांनी लांब तार मागितली. गच्चीपासून खालच्या पुढच्या खोलीपर्यंत पोचेल अशी. तेव्हा खरं कारण कळलं. त्यांचे यजमान, ज्यांना पुढे मी अंकल म्हणू लागलो, इतकी वर्षं रोज संध्याकाळी टीचरची दुर्बीण खांद्यावरून गच्चीवर चढवून देत. टीचर बघत, मग त्यांना बोलावत. तेही वाकून बघत आणि "सुंदर" म्हणत. अर्धांगवायूनंतर अंकलना जिना बंद झाला. पलंग खिडकीशी आला.

"शनी पुढच्या वर्षीही येईल," टीचर म्हणाल्या. "यांचं सांगता येत नाही. त्यांना एकदा परत बघू दे."

दिवाळी उलटल्यावर एका संध्याकाळी, त्यांची प्रार्थना आटोपल्यावर, मी जोडणी करायला गेलो. फोटोच्या जुन्या रोलची डबी टीचरनी बुडाशी कापून वेबकॅमला चिकटवली होती. दुर्बिणीत डोळा लावायच्या जागी ती डबी चपखल बसली. स्वयंपाकघरात ती लवंगांसाठी होती म्हणे, वास अजून गेला नव्हता.

टीचर गच्चीवर, मी खाली अंकलजवळ लॅपटॉप घेऊन. पडद्यावर आधी पांढरा गोळाच आला. अंकल जड जिभेने म्हणाले, "बल्ब." उजेड आपोआप वाढवायची सोय मी बंद केली, तसा गोळा विझत विझत लहान झाला आणि त्याच्याभोवती कडं दिसलं. पाण्याखाली असल्यासारखं हलत होतं, पण कडंच होतं. मी टीचरना हाक मारली. त्या धावतच खाली आल्या.

अंकल बराच वेळ बघत राहिले. दोघं आपल्या घरच्या बोलीत बोलतात, मला त्यातलं निम्मंच कळतं. पण हे सगळं कळलं. ते म्हणाले, हे मी आज पहिल्यांदा बघतोय. त्यांना जन्मात कधी एक डोळा मिटता आला नव्हता. दुर्बिणीतून नुसतं धूसर काहीतरी दिसायचं.

टीचरचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मग इतकी वर्षं सुंदर सुंदर काय म्हणत होता?"

"तू दाखवत होतीस," अंकल म्हणाले.

टीचर पलंगाच्या कडेला बसल्या. आधी हसल्या, मग पदर तोंडाला लावला. मी तारा तपासत असल्याचं सोंग केलं.

त्या दुर्बिणीला मोटर नाही. पृथ्वी फिरते, त्यामुळे शनी बघता बघता पडद्याबाहेर जातो आणि कोणीतरी वरून नळी ढकलावी लागते. अंकलना त्यात काम मिळालं. ते खालून "सरकला" म्हणायचे, टीचर वर नळी किंचित हलवून "आला का?" विचारायच्या, आणि ते "आला" म्हणायचे. त्या हिवाळ्यात मी वेबकॅम तपासायचं निमित्त काढून दोन-चारदा गेलो. हवा कितीही वाईट असो, अंकल कोणालाच जागचं हलू देत नसत. त्यांची जीभ या दोन शब्दांवर सुधारली, असं टीचर कौतुकाने सांगायच्या.

उन्हाळ्यात अंकल गेले. मला वाटलं होतं, टीचर आता दुर्बीण बांधून ठेवतील. पाऊस संपून आकाश मोकळं झालं आणि त्यांचा फोन आला, दुकान जरा लवकर बंद करून येशील का, खाली बसायला माणूस हवा.

पलंगावरची गादी काढलेली होती. मी शेजारी खुर्ची ओढून लॅपटॉप उघडला. वर पावलं वाजली, पडदा थोडा वेळ काळाच राहिला, मग एका कडेने शनी आत आला.

"आला का?" वरून विचारलं.

"आला," मी म्हणालो.

वर नाक शिंकरल्याचा आवाज आला. शनी पडदा ओलांडून हळूहळू दुसऱ्या कडेला पोचला आणि दिसेनासा झाला. सांगायचं काम आता माझं होतं. पण मी लगेच "सरकला" म्हटलं नाही, त्यांना थोडा वेळ हवा होता.