चुंबळीभोवती हिरवी चौकट

हो, गेले होते मी कॉलेजात. एकाहत्तराव्या वर्षी तिथं काय काम होतं, असं कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकते. हौस म्हणून नाही, सत्कार घ्यायला तर नाहीच... आणि हे मी फोनला बोलून लिहितेय, चुका निघतील त्या तुमच्या तुम्ही सुधारून वाचा.

नात प्राची सिव्हिलचा डिप्लोमा करते, शेवटचं वर्ष. बांधकामात एआय कसा वापरायचा, याचे प्रोजेक्ट दिलेत यंदा त्यांच्या वर्गाला. कुणी भिंतीच्या भेगा ओळखतंय, कुणी सिमेंट किती लागेल ते काढतंय. प्राची आणि तिच्या वर्गातला नवीन नावाचा मुलगा, या दोघांनी हेल्मेटचा विषय घेतला. साइटवर मोबाईल धरायचा... डोक्यावर हेल्मेट असलं तर माणसाभोवती हिरवी चौकट, नसलं तर लाल, आणि वर भोंगा.

यशवंतपुरात आमच्या गल्लीच्या मागं एक पाच मजली बिल्डिंग उठतेय. या दोघांना तिथला वॉचमन आत सोडेना, म्हणून मला पुढं घातलं. मेस्त्री ओळखीचा. निपाणीहून इथं आल्यावर बावीस वर्षं मी बिगारी काम केलंय, त्याच्या बापाच्या हाताखाली पण केलंय. "बर्री अक्का, बर्री," म्हणाला, म्हणजे या या, आणि गेट उघडलं.

गडी माणसं सगळी बरोबर आली. कुणी हिरवा, कुणी लाल. नवीन तर नाचायलाच लागला.

मग यल्लव्वा आली, डोक्यावर मालानं भरलेलं घमेलं. रायचूरकडची आहे, गल्लीच्या तोंडाशी पत्र्याच्या शेडात राहते. तिनं घमेलं उतरवलं, वळली... आणि तिच्याभोवती हिरवी चौकट. म्हणे सुरक्षित!

मी म्हटलं, "डोळे फुटले का रे तुमच्या यंत्राचे? हेल्मेट कुठाय तिच्या डोक्यावर?"

होती ती चुंबळ. घमेलं टोचू नये म्हणून कापड गोल वळून डोक्यावर ठेवतात ना, ती. हिची पिवळ्या टॉवेलाची होती. यंत्राला गोल आणि पिवळं दिसलं, बास. यांनी इंटरनेटवरनं ढीगभर फोटो गोळा करून त्याला शिकवलं होतं, त्यात घमेलं उचलणारी एकसुद्धा बाई नव्हती.

सबमिशन दोन दिवसांवर. नवीन मला म्हणतो, "अज्जी, स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, जरा सांभाळून घ्या... व्हिडिओत बायका दाखवायच्याच नाहीत." प्राची म्हणाली, नको, चुंबळ दिसली की लाल चौकट येईल असं करून टाकू, एका दिवसात होईल.

यल्लव्वा तिथंच उभी. मराठी येत नाही तिला, पण लाल-हिरवं काय ते कळलं होतं. मला कन्नडात हळूच विचारलं, "अक्का, लाल आलं तर मला कामावरनं काढतील का?"

आता बोला! हेल्मेट घातलं तर घमेलं डोक्यावर बसत नाही. हिरवं दाखवावं तर डोकं उघडं, लाल दाखवावं तर बाई घरी... दोघांची तोंडं एवढीएवढी झाली.

चांगलं झापणार होते मी, पण प्राचीकडं बघून गप्प बसले. तिचे दोन विषय आधीच राहिलेत, त्यात हे प्रोजेक्ट गेलं की वर्ष गेलं. नवीन म्हणतोय तसं केलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. तरी तीच म्हणाली, "आजी, चूक झाली ती दाखवूया. पण तू चल. मी सांगितलं तर ऐकीव वाटेल."

म्हणून गेले.

वर्गात प्राचीनं पहिलंच वाक्य टाकलं, आमचं मशीन चुकतंय. मी घरून पिवळा टॉवेल नेला होता. उभ्या उभ्या चुंबळ वळली, डोक्यावर ठेवली आणि कॅमेऱ्यापुढं गेले. पडद्यावर मी... हिरवी! सगळा वर्ग हसला. हसू दे, हसण्यासारखंच होतं.

त्यांच्या मॅडम चांगल्या आहेत. पण त्या म्हणाल्या, "आजी, कापड जाड आहे, थोडं तरी वाचवत असेल ना?"

मी चुंबळ काढली आणि केस बाजूला केले. दुसऱ्या मजल्यावरनं विटेचा तुकडा पडला होता, सात टाके. तेव्हा पण चुंबळ होती डोक्यावर. घरी आजपर्यंत जिन्यावरनं पडले असंच सांगत आले होते... खरं सांगितलं असतं तर काम सोडायला लावलं असतं.

म्हटलं, तुमचा भोंगा बाईवर वाजवू नका. तिच्या डोक्यावर जो ओझं देतो त्याच्या फोनात वाजवा. त्याला म्हणावं ढकलगाडी आण, माल वर न्यायला लिफ्ट लाव आणि मग तिला हेल्मेट दे.

नवीन मान खाली घालून वहीत लिहीत होता. "सरी अज्जी," म्हणाला, "डोक्यावर ओझं दिसलं की तिसरा रंग करतो, भोंगा ओझं देणाऱ्याच्या फोनात." मॅडमनी पास केलं नाही, नापास पण नाही... पंधरा दिवस वाढवून दिले. आता दोघं बायकांना विचारून नवे फोटो काढतायत. यल्लव्वाला विचारलं तर म्हणाली, थांबा, चांगली साडी नेसून येते!

कॉलेजातून परत येताना बसमध्ये प्राची माझ्या शेजारी बसली. स्टॉप जवळ आला तसा तिनं माझ्या केसात हात घातला, बोटांनी ती खूण शोधून काढली, आणि विचारलं, "आजी, अजून दुखतं?"

मी तिला काय सांगितलं ते इथं लिहिणार नाही. कमेंटमध्ये विचारू पण नका.