ओल्या काचांची अक्का

काचेच्या पट्टीवर माणसाच्या शरीराचा नखाएवढा तुकडा अंथरताना त्याची मनधरणी करणारी बाई साऱ्या जगात एकच असणार, आणि ती बंगळुरात, यशवंतपूरजवळच्या आमच्या प्रयोगशाळेत होती. सगळे त्यांना अक्का म्हणत. मेणात बसवलेल्या तुकड्याचे यंत्रावर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, ते कोमट पाण्यावर तरंगवायचे आणि काचेवर अलगद उचलून घ्यायचे, हे काम आम्ही सगळेच करायचो. पण आम्ही ते मुकाट्याने करायचो. अक्का पाण्यावर वाकून म्हणायच्या, “ये बाई, अंग सोड. सुरकुती नको. स्वल्प इकडे. सरी.” आणि तो काप खरोखरच इस्त्री केल्यासारखा सपाट व्हायचा. त्या वेळी पंखा लावायची कुणाची टाप नव्हती. ऐन एप्रिलात आम्ही घामाने निथळायचो, पण वाऱ्याने काप दुमडेल म्हणून अक्कांनी पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी लावून टाकली होती. एकदा आमचे मोठे डॉक्टर काहीतरी विचारायला आले आणि नेमके त्या पाण्याशेजारी उभे राहिले. अक्कांनी वर न बघता त्यांना श्वास रोखायला सांगितलं. डॉक्टरांनी रोखला. अक्का मात्र पुढच्या कापाकडे वळल्या आणि सोडायला सांगायचं विसरल्या. डॉक्टर लालबुंद होऊन बाहेर गेले. ते काय विचारायला आले होते, ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही.

काप काचेवर बसला की रंगवण्याचं काम. रोगाची खूण असलेल्या पेशी तेवढ्या तपकिरी दिसाव्यात म्हणून त्यावर एकामागून एक थेंब सोडायचे, आणि मधल्या वेळात काच अजिबात सुकू द्यायची नाही. सुकली तर नको तिथे डाग उठतो, आणि कुणातरी अनोळखी माणसाच्या अहवालात घोळ होतो. म्हणून काचा ओलसर डब्यात झाकून ठेवतात. झाकण लावलं की आम्ही जेवायला पळायचो. अक्का तिथेच स्टूल ओढून बसायच्या. झाकलेल्या डब्याला काय राखायचं, असं मी विचारलं तर म्हणाल्या, “ओल्या बाळंतिणीला एकटं टाकून जातं का कोणी?”

मी तेव्हा नागपूरहून नवीन आलेली. मारतहळ्ळीत खोली, खोलीतल्या दोघी दिवसभर कानाला हेडफोन लावून कामात, आणि रस्त्यावर माझ्या भाषेचा एक शब्द नाही. पहिल्याच दिवशी अक्कांनी मला विचारलं, “ऊटा झाला का?” मला उंट ऐकू आला. त्या जेवणाबद्दल विचारत होत्या. ‘सरी’ म्हणजे ‘ठीक’, हेही मला नंतरच कळलं. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत कानडी अशी मिसळलेली, की कुठली कुठे संपते ते त्यांनाही ठाऊक नसावं. एकदा उकळत्या द्रावणातून मी काच बाहेर काढली तर तुकडा सुटून गेलेला, नुसती कोरी काच हातात. मी रडकुंडीला आले. अक्कांनी मेणाची वडी उजेडात धरून पाहिली आणि अजून पुष्कळ शिल्लक आहे, दुसरा काप काढू, म्हणाल्या. पण आधी मला समोर बसवून दहीभात खायला लावला. त्यानंतर मीही दुपारची त्यांच्या डब्याशेजारी बसू लागले. काचांना सोबत म्हणून, असं आम्ही दोघी म्हणायचो.

मग अक्का निवृत्त झाल्या. हार झाला, शाल झाली, केक झाला. दुसऱ्या आठवड्यात त्या चष्म्याचं घर विसरलं म्हणून आल्या आणि दुपारपर्यंत थांबल्या. मग सगळ्यांसाठी चटणीपुडी घेऊन आल्या. त्यानंतर काहीच कारण न सांगता आल्या, खुंटीवरचा कुणाचा तरी कोट चढवला आणि पाण्यावर वाकल्या. आम्ही कुणी अडवलं नाही. पण रुग्णांचे तुकडे असलेल्या जागी बाहेरच्या माणसाला येऊ देता येत नाही, आणि अक्का आता बाहेरच्या होत्या. मोठ्या डॉक्टरांनी मला बोलावलं. म्हणाले, तुमची भाषा एक आहे, तुम्हीच सांगा.

रविवारी मी मल्लेश्वरमला त्यांच्या घरी गेले. बसमध्ये वाक्यं जुळवत होते. एकही धड जुळलं नाही. अक्कांनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि आत स्वयंपाकघरात गेल्या. कॉफी घेऊन आल्या तेव्हा मी तोंड उघडलंच होतं.

“सांगायला पाठवलंय ना तुला?” त्या म्हणाल्या.

मी मान डोलावली.

“सरी. बरोबरच आहे त्यांचं. मी असते तर मीही कुणाला आत घेतलं नसतं.” मग कॉफी दोन पेल्यांत उंचावरून ओतत राहिल्या, ती निवून गेली तरी.

घर नीटनेटकं आणि फार शांत होतं. आई गेल्यावर या घरात मराठी बोललं गेलं नाही, असं त्यांनी सांगितलं, नळ बिघडल्याचं सांगावं तसं. शेजारी चांगले आहेत, कानडीत सगळं होतं, भाजीपासून देवापर्यंत. पण त्या भाषेत आपण आपल्यालाच पाहुण्यासारखे वाटतो, म्हणाल्या. पुन्हा प्रयोगशाळेत या, असं म्हणता येत नव्हतं, आणि दुसरं देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

“बोल काहीतरी,” अक्का म्हणाल्या.

“काय बोलू?”

“काहीही. तुझ्या नागपूरचं बोल.”

मग मी बोलत सुटले. उन्हाळ्यात कूलरमध्ये पाणी भरण्यावरून आमच्या घरी होणारी भांडणं, सांडग्यांवरून आईचं आणि मावशीचं तुटलेलं बोलणं, संत्र्याची साल मुद्दाम डोळ्यांत पिळणारा भाऊ. इतकं सलग मराठी मीही कित्येक महिन्यांत बोलले नव्हते. बाहेर मंदिरातली घंटा वाजली, रस्त्यावरचे दिवे लागले. अक्कांनी खुर्चीत मान मागे टेकून डोळे मिटून घेतले होते. झोप लागली असावी असं वाटून मी हळूच थांबले.

डोळे न उघडता त्या म्हणाल्या, “हं. मग?”