फायलीआड खाल्लेली भाकर

मंडळी, आज दुपारी ऑफिसात जे झालं, ते लिहिते.

तेलंगणातला आमचा आदिलाबाद जिल्हा तुटला अन् माझी बदली नव्या जिल्ह्याच्या ऑफिसात झाली. तिथं सारे तेलुगू बोलतात, माझं तेलुगू मोडकंतोडकं. हसतील म्हणून मी रोज फायलीआड एकटीच ज्वारीची भाकर खात होती.

आज धीर करून डबा त्यायच्या टेबलावर नेला. मी बसली तसे सारे माझ्या डब्याकडे पाहू लागले. वाटलं, झालं, आता हसतात!

शेजारच्या मॅडमनी माझी अर्धी भाकर तोडून घेतली अन् हिंदीत म्हणाल्या, "हम समझे, आपको हमारे साथ बैठना पसंद नहीं."

 उद्याही डबा तिथंच उघडीन. तुमी कोणाले असं न विचारताच परकं करून टाकलं काय?