डावं मडगार्ड

माझ्या मामाचं आयुष्य दुसऱ्यांच्या गाड्यांचे पोचे काढण्यात गेलं. सुट्टीच्या दिवशी मात्र तो गॅरेजमागच्या शेडमध्ये स्वतःची गाडी घडवायचा. साठ वर्षांपूर्वीच्या, दोन सीटांच्या, बिनटपाच्या रेसच्या गाडीची हुबेहूब प्रतिकृती, पत्रा न् पत्रा हाताने ठोकलेला. नऊ वर्षं लागली. अस्सल गाडी त्याच्या मित्राची, दातांच्या डॉक्टरांची. तिच्यावर कागद ठेवून मामाने मापं घेतली होती. तिचं डावं मडगार्ड उजव्यापेक्षा बोटभर रुंद होतं. कारखान्यातल्या कुणा कारागिराचा हात चुकला असणार. मामाने ती चूकही तशीच उतरवली.

दर रविवारी शेडमध्ये दोघांची जुंपायची.

"नक्कल ती नक्कलच. माझ्या गाडीने शर्यती पाहिल्यात. तुझीने काय पाहिलंय?"

"मला," मामा म्हणायचा. "आणि तू बसवलेल्या कवळीने लोक जेवतात ना?"

जुन्या गाड्यांच्या क्लबची वर्षातून एकदा फेरी निघायची. मामाने तीनदा अर्ज केला, तीनदा उत्तर आलं: प्रतिकृतींना प्रवेश नाही. तो ते हसत सांगायचा, पण तिन्ही पत्रं मी हत्यारांच्या खणात जपून ठेवलेली पाहिली होती. त्याला एकदाच त्या फेरीच्या रांगेत उभं राहायचं होतं.

यंदा फेरीला सहा दिवस उरले असताना डॉक्टरांनी आपली लाडकी गाडी आपल्याच फाटकाच्या खांबावर घातली. डावं मडगार्ड पार फाटलं. दुरुस्तीला महिना तरी लागणार होता. डॉक्टरांचं तोंड कवळी काढल्यासारखं झालं.

मामाने पाना उचलला आणि तो स्वतःच्या गाडीचं डावं मडगार्ड उतरवू लागला. माझं डोकंच फिरलं.

"मामा, तुझ्या गाडीला नाकं मुरडणाऱ्यांना तू हे देतोस?"

"त्याची गाडी घरी राहिली तर तो तोंड पाडून बसेल. मग रविवारी मी भांडू कुणाशी?"

बोल्ट एकूण एक बसले.

फेरीच्या सकाळी क्लबचे परीक्षक भिंग घेऊन आले. डॉक्टरांच्या गाडीच्या डाव्या मडगार्डपाशी ते थांबले, पट्टी लावली आणि खूश झाले. "बोटभर रुंद. हा खरा जुना हात. असं काम आज कुणाच्या बापाला जमणार नाही."

मामा बुटांकडे बघत होता. डॉक्टर गप्प राहिले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता.

"ते याने केलंय," डॉक्टर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "याची गाडी त्यासाठी उघडी पडलीय. आता एक तर मलाही रांगेबाहेर काढा, नाहीतर त्याला आत घ्या."

परीक्षकांनी भिंग पुसून पुन्हा पाहिलं. मग मामाकडे वळले. "गाडी आणा."

"मडगार्ड नाहीये तिला."

"तशीच आणा."

अशी मामाची गाडी एक चाक उघडं टाकून रांगेत लागली, दारावर सतराचा आकडा घेऊन. मी शेजारी बसले होते आणि मला रडू आवरत नव्हतं. पहिल्या वळणावर डॉक्टरांनी गाडी बाजूला घेतली आणि हात करून मामाला पुढे जायला सांगितलं. पुढे रस्ताभर डबकी होती. उघड्या चाकाने प्रत्येक डबकं उचलून मागे भिरकावलं.

फेरी संपली तेव्हा डॉक्टरांचे फक्त दात तेवढे पांढरे दिसत होते. त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला.

"नक्कल ती नक्कलच," ते म्हणाले. "चिखल मात्र अस्सल उडवते."

मामाने त्यांना चिखलासकट मिठी मारली.