काकूंची किंकाळी

"आता बघा!" असं आम्हाला सांगून काका स्वतः मात्र मागे वळत. पडद्यावर कपाटातून हाडकुळा हात बाहेर येई, आणि काकांची नजर असे खुर्चीतल्या काकूंवर. काकू अशी किंकाळी फोडत की बरकतपुऱ्यातली आमची अख्खी गल्ली दचके.

काका आमच्या खालच्या मजल्यावर राहत. सरकारी नोकरीतून निवृत्त, आणि नाद मूक भयपट जमवण्याचा. कोठी भागातल्या जुन्या बाजारात रिळांचे गंजके डबे हुंगत फिरत. सडलेल्या रिळाला आंबूस वास येतो म्हणे. गल्लीत त्यांचं नाव 'भूतवाले साब'. रविवारी दुपारी पडदे ओढून खेळ व्हायचा.

"काका, बोलपटातली भुतं का नाही जमवत?" मी एकदा विचारलं.

"हट्! ती एवढा गोंगाट करतात की आपल्याला ओरडायला जागाच राहत नाही. इथे बाई नुसतं तोंड उघडते. आवाज आपल्या घरचा."

तुम्ही असा सिनेमा पाहिला असेल, तर त्यांचं म्हणणं तुम्हालाही पटेल.

एकदा चहा गाळणाऱ्या काकूंना मी म्हटलं, "इतक्यांदा पाहूनही भीती वाटते?"

"कसली भीती रे! त्या हातावर आता चकली ठेवावीशी वाटते. पण मी ओरडले नाही की ह्यांचा चेहरा उतरतो. सांगू नक्को हं त्यांना."

पुढे काकू गेल्या. प्रोजेक्टरवर चादर पडली. काका धड जेवतही नसत, मला फार काळजी वाटे. शेवटी एका रविवारी मीच हट्टाने चादर काढली.

पडद्यावर कपाट आलं. "आता बघा," म्हणत काका सवयीने मागे वळले. खुर्ची रिकामी होती. मला ते बघवेना. मी जीव खाऊन ओरडलो.

काका दचकले, मग हसले, मग चष्मा काढून डोळे पुसत राहिले. "नक्को रे, तुला नाही जमत. ती घाबरायची नाही, पण काय ओरडायची!"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"हौ ना. पण बोलून दाखवलं असतं, तर ओरडणं बंद केलं असतं तिनं."

आता काकाही नाहीत. डबे माझ्याकडे आहेत. अधूनमधून मी ते रीळ लावतो, 'आता बघा' म्हणतो आणि मागे वळतो. माझ्या बायकोला हे सगळं मी सांगितलेलं आहे, पण ती मोबाइलमध्ये मान घालून बसलेली असते.

परवा तिने मान वर न करताच किंकाळी फोडली.