शेफील्डच्या बसमधलं थँक यू
कपाट आवरताना लोकरी टोपीचा डांबरगोळ्यांचा वास नाकात गेला आणि शेफील्डची ती चढणीवरची बस आठवली. मुलीचा पदवीदान समारंभ होता. गाऊन आणायला पुढे निघताना ती म्हणाली, “बाबा, तुमच्यासाठी टॅक्सी बोलावते.” मी हट्टालाच पेटलो, म्हटलं, बसनेच येणार, आणि एकटा! बाहेर भुरभुर पाऊस, आत ओल्या कोटांचा वास, आणि शाळकरी पोरांपासून काठीवाल्या आजीपर्यंत उतरणारा प्रत्येक जण ड्रायव्हरला मोठ्याने “थँक यू” म्हणत होता. मीही म्हणालो. ड्रायव्हरने हसून बोटाने सभागृहाची वाट दाखवली, आणि मला माझीच लाज वाटली. अठरा वर्षं मी मस्कतमध्ये बौशरहून रुसैलच्या फॅक्टरीत कंपनीच्या बसने जात होतो, पण ड्रायव्हरशी कधी एक शब्द बोललो नव्हतो. परत गेल्यावर म्हणायचंच, हे तिथल्या फुटपाथवरच ठरवलं. मस्कतला कामाच्या पहिल्याच सकाळी, गेटवर उतरताना, सगळ्यांदेखत ठासून म्हणालो, “शुक्रिया, भाई.” तो दचकलाच. “क्या हुआ? नौकरी खलास? मुलुक जा रहे हो?” त्याला आता तीन वर्षं झाली. मी कुठेही गेलेलो नाही, आणि रोज म्हणतो.