न विकायचं कार्ड
कूलरला नवी खस लावली, की त्या ओल्या वासासोबत मला सीताबर्डीवरच्या आमच्या दुकानातली ती दुपार आठवते. आम्ही खेळाची, संग्रहाची कार्डं दुकानात आणि ऑनलाइन विकतो. त्यातलं एक माझ्या भागीदाराच्या वारलेल्या भावाचं होतं. कोणी घेऊच नये म्हणून भागीदाराने त्याला अवाच्या सवा भाव लावून ठेवला होता. त्या दिवशी त्याने हौसेने संगणकाला नियम दिला, की बाजारातल्या सगळ्यात कमी भावापेक्षा आपला भाव थोडा कमी ठेवायचा. पडद्यावरचे भाव भराभर उतरू लागले, त्या कार्डाचाही उतरला आणि तेवढ्यात त्याचीच ऑर्डर आली. गिऱ्हाईक ते घ्यायला कोराडीहून निघालंही होतं. "रद्द कर न गा," मी म्हणालो. त्याने कार्ड कपाटातून बाहेर काढलं. घामाघूम माणूस आत आला आणि हसून म्हणाला, "एवढ्या स्वस्तात भेटन असं वाटलं नव्हतं, भाऊ!" मला त्याचा असा राग आला! भागीदाराने मात्र कार्ड पाकिटात घातलं. "भाव आपणच लावला न, मंग द्याच लागते," तो मला हळूच म्हणाला. माणूस गेल्यावर त्याने नियमात एक अपवाद जोडला: या कार्डाचा भाव कधीच बदलू नये. आता ते नियम मी बघतो, पण कार्ड गेलं तरी तेवढी ओळ अजून काढलेली नाही.